प्रगतिपत्रकात न मावलेले वर्ष

(आर्णी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मित्रहो, व्यासपीठावर एकच माणूस उभा असला तरी आज बोलताना ‘आम्ही’ म्हणणार आहोत. त्यात मोठेपणा काही नाही. या तालुक्यात सहावी-सातवी-आठवीला वर्षानुवर्षे शिकवून निवृत्त झालेले आम्ही चार-पाच जण संध्याकाळी एकत्र बसतो. चहा होतो, जुन्या गोष्टी निघतात, भांडणंही होतात. आज जे सांगणार आहोत ते त्या बसण्यातून निघालेलं आहे. म्हणून आम्ही.

समीक्षा कादंबरीची होते, नाटकाची होते. आज आम्ही समीक्षा करणार आहोत एका चार पानी कागदाची. प्रगतिपत्रक. हसू नका. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात ट्रंकेत, नाहीतर देवघराच्या फोटोमागे एकतरी प्रगतिपत्रक आहे. मुलाने वर्षभर काय शिकलं, काय केलं, याचा सरकारदरबारी राहिलेला एवढाच पुरावा. मग तो नीट वाचायला नको?

आधी वर्ष कसं असतं ते पाहू. राज्यात इतरत्र शाळा जूनच्या मध्याला उघडते, आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे महिनाअखेरीला. म्हणजे नेमकी पेरणीच्या धांदलीत. घंटा वाजते तेव्हा वावरात टोबणी चाललेली असते. पहिलं सत्र म्हणजे निंदण, डवरणी, खत, फवारणी. पोळ्यापर्यंत पऱ्हाटी कमरेला लागते. दिवाळीची सुट्टी लागते आणि बोंडं फुटतात. दुसरं सत्र सुरू होतं तेव्हा वेचणी ऐन भरात असते, आणि फरदड घेणाऱ्याच्या वावरात ती परीक्षेच्या तोंडापर्यंत चालते. कापसाचं वर्ष आणि शाळेचं वर्ष आर्णीत जवळजवळ एकाच दिवशी सुरू होतं आणि एकाच सुमारास संपतं. दोन्ही वर्षं एकाच मुलाच्या अंगावरून जातात. आणि दोघांची एकमेकांशी ओळख नाही.

पाचवीपर्यंत हे फारसं जाणवत नाही. लेकरू लहान असतं, धुऱ्यावर बसून राहतं. सहावीपासून ते कामाचं होतं. पाणी आणायचं, लहान भावंड सांभाळायचं, वेचायला जायचं, बाप फवारत असेल तर पंपात पाणी ओतायचं. अकरा ते चौदा हे वय म्हणजे शाळेच्या हिशेबात ‘उच्च प्राथमिक’ आणि घराच्या हिशेबात ‘आता हाताशी आलं’. कायदा काय म्हणतो? शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे. त्याने सहावी ते आठवीला वर्षाचे किमान २२० दिवस आणि १००० तास ठरवून दिले. २०१६ च्या बालकामगार दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी केली, पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत घरच्या धोका नसलेल्या कामात मदत करायला मोकळीक ठेवली. म्हणजे कायद्यालाही ठाऊक आहे की शाळेचे हजार तास संपल्यावर मूल झोपा काढत नाही. त्या उरलेल्या तासांबद्दल प्रगतिपत्रक मात्र अवाक्षर बोलत नाही.

बरं, बोलायला जागा नाही असंही नाही. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. नाव जड आहे, कल्पना साधी आणि चांगली होती. मुलाला वर्षातून दोनदा परीक्षेच्या तासाला मोजू नका, रोज बघा. सहावीला निम्मे गुण रोजच्या पाहण्याला, म्हणजे आकारिकला, आणि निम्मे संकलितला. सातवी-आठवीला चाळीस आणि साठ. आकारिकची आठ साधनं दिली: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. आणि गुणांच्या जोडीला शिक्षकाने वाक्यांत नोंद करायची. वर्णनात्मक नोंद. तीन रकाने: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक.

आता ही वर्णनात्मक नोंद म्हणजे मराठी गद्याचाच एक प्रकार आहे, असं समजून आपण ती वाचू. ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो.’ ‘स्वतःचे मत मुद्देसूद मांडतो.’ ‘परिसराविषयी जाणीव बाळगतो.’ ‘गटकार्यात इतरांना मदत करते.’ चाळीस मुलांच्या वर्गात अशी वाक्यं फिरती ठेवायची, याला दोन, त्याला दोन. छंदाच्या रकान्यात चित्र काढणे, खेळणे, गोष्टी वाचणे, गाणी ऐकणे. पुढच्या मुलाला उलट्या क्रमाने. या नोंदींच्या तयार पुस्तिका विकत मिळायच्या, हल्ली मोबाईलवर याद्याच फिरतात. विषयवार, इयत्तावार. उचलायचं आणि उतरवायचं.

आम्ही हे लांबून सांगत नाही. आम्ही स्वतः अशा नोंदी केल्या आहेत, एका रात्रीत चाळीस-चाळीस. दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुख येणार असायचे. रकाना रिकामा दिसला तर विचारणा होते, रकान्यात खोटं असलं तर होत नाही. हे गणित शिक्षकाला लवकर जमतं.

या गद्यात एक गोष्ट लक्षात येते. त्यात नाम नाही. सगळी क्रियापदं आणि विशेषणं. ‘सहभागी होतो’ कशात? ‘मदत करते’ कुणाला, कसली? ‘परिसर’ म्हणजे काय, अरुणावती नदी की शाळेमागचा उकिरडा? हे प्रगतिपत्रक पुण्यातल्या मुलाच्या हाती दिलं तरी चालेल, आर्णीतल्या मुलाच्या हाती दिलं तरी चालेल. ज्या लेखनातून माणूस काढला तरी वाक्याला धक्का लागत नाही, ते लेखन त्या माणसाबद्दल नसतं.

एक मुलगी सांगतो. नाव सांगणार नाही, आज ती संसारी बाई आहे. सातवीत होती. दिवाळीनंतर आठवड्यातले दोन-तीन दिवस गैरहजर. आम्ही सुधारणा आवश्यक या रकान्यात लिहिलं, ‘नियमित उपस्थितीची गरज आहे.’ खोटं नव्हतं ते. पण त्याच वर्षी एकदा वर्ग घेऊन आम्ही शाळेजवळच्या वावरात गेलो होतो, फुलाचे भाग दाखवायला. आम्ही पाकळ्या, पुंकेसर, स्त्रीकेसर करत होतो. ती मागून म्हणाली, “सर, ही डोमकळी आहे. याच्यात अळी आहे.” फूल नीट उमललेलं नव्हतं, पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या. तिने ते तोडलं, उघडलं, आत गुलाबी बोंडअळी. मग कोणत्या झाडावर आणखी आहेत ते तिने दहा मिनिटांत दाखवलं. निरीक्षण, वर्गीकरण, अनुमान, जे जे सामान्य विज्ञानाच्या पुस्तकाला हवं असतं ते सगळं. त्या वर्षीच्या तिच्या विज्ञानाच्या नोंदीत आम्ही काय लिहिलं माहीत आहे? ‘वैज्ञानिक दृष्टिकोन विकसित होत आहे.’ आदल्या वर्षीही तेच लिहिलं होतं. शेजारच्या मुलालाही तेच.

आता कुणी म्हणेल, दोष अभ्यासक्रमाचा. आम्हाला तसं वाटत नाही. बालभारतीची सहावी ते आठवीची पुस्तकं वाईट नाहीत. पानापानावर चौकटी आहेत: करून पहा, माहिती मिळवा, चर्चा करा, सांगा पाहू. पुस्तक दार उघडं ठेवतं. वर्गात काय होतं? ‘माहिती मिळवा’चं उत्तर गाईडमध्ये छापलेलं असतं, ते मिळवलं की माहिती मिळाली. २०२३ साली पुस्तकांचे चार भाग करून त्यांत ‘माझी नोंद’ म्हणून कोरी पानं घातली. हेतू दप्तराचं ओझं कमी करण्याचा होता. २०२५ ला ती योजना बंद झाली. ती चुकली की बरोबर होती या वादात आम्ही पडत नाही. एवढंच सांगतो, त्या कोऱ्या पानांवर आम्हाला प्रश्नोत्तरंच उतरवलेली दिसली. माझी नोंद म्हटल्यावर ‘माझं’ काय लिहायचं, हे मुलांना कुणी कधी विचारलंच नव्हतं.

गणिताकडे येऊ, कारण खरी किंमत तिथे मोजावी लागते. सहावीच्या पुस्तकात नफा-तोटा आहे, बँक व सरळव्याज आहे. सातवीत सम आणि व्यस्त चलन. आठवीत चक्रवाढ व्याज. आर्णीच्या घरासाठी यापेक्षा जवळचे धडे कुणी मुद्दाम बसून निवडले नसते. व्यस्त चलनाचं उदाहरण ठरलेलं: इतके मजूर काम इतक्या दिवसांत करतात, मजूर दुप्पट केले तर दिवस किती? निम्मे. एका पोराने हात वर केला. “पण सर, बोंडं तर फुटाले पाह्यजेत ना!” वर्ग हसला, आम्हीही हसलो आणि पुढे गेलो. आज वाटतं, थांबायला हवं होतं. वेचणी फेऱ्यांनी होते. पन्नास मजूर लावले तरी न फुटलेलं बोंड वेचता येत नाही. तो पोरगा सांगत होता की चलनाचा नियम लागू होण्याआधी एक अट पुरी व्हावी लागते. हे गणितातलं मोठं वाक्य आहे. आम्ही त्याला विनोद समजलो.

आणि व्याज. पुस्तकातलं व्याज द.सा.द.शे. असतं. दर साल दर शेकडा. गावातलं व्याज ‘शेकड्याला तीन’, ‘शेकड्याला पाच’. साल की महिना, हे कुणी बोलत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असतं की महिन्याचं. ठाऊक नसतं ते फक्त सरळव्याजाची पाच उदाहरणं सोडवून पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या पोराला. त्याच्या डोक्यात द.सा.द.शे. ७ हा मोठा दर आणि शेकड्याला तीन हा लहान. करून बघा. जूनमध्ये बियाण्याला वीस हजार घेतले, कापूस विकून सात महिन्यांनी फेडले. सात टक्के सालाने व्याज साधारण ८१७ रुपये. शेकड्याला तीन, महिन्याने, ४२०० रुपये. पाचपट. शेकड्याला तीन म्हणजे द.सा.द.शे. ३६, शेकड्याला पाच म्हणजे ६०. एका गुणाकाराचं काम आहे, सहावीचं पोर चुटकीसरशी करेल. पण त्याला तो गुणाकार करायला सांगणारं उदाहरण आमच्या फळ्यावर कधी आलं नाही. ज्या जिल्ह्याचं नाव कर्जापायी वर्तमानपत्रांत येत राहिलं, त्या जिल्ह्यात आम्ही व्याज शिकवलं, आणि ते बँकेच्या काउंटरपलीकडे गेलं नाही.

आमच्यातल्या एकाने अगदी शेवटच्या वर्षी हा गुणाकार वर्गात करून घेतला. घरी विचारून आकडा आणू नका म्हणाला, कुणाचं घर उघडं पाडायचं नव्हतं, फक्त ऐकलेला दर लिहा. मुलांनी दर लिहिले, बाराने गुणले. वर्ग गप्प झाला. एका मुलाने उत्तर काढून लगेच खोडलं. उत्तर बरोबर होतं.

२०१७ चा हंगाम इथे बसलेल्या कुणाला आठवत नाही असं नाही. फवारणी करताना जिल्ह्यात विषबाधा झाली. वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्याची कारणं अनेक होती: औषधांची मिश्रणं, उंच वाढलेली पऱ्हाटी, साधनं नसणं, विक्रीवर नसलेलं लक्ष. शाळेमुळे माणसं मेली असं म्हणण्याइतके आम्ही बेजबाबदार नाही. पण एक साधी गोष्ट. औषधाच्या प्रत्येक डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल अतिविषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सगळ्यांत कमी. चार रंग. सातवीचं पोर मूलद्रव्य, संयुग, मिश्रण यांच्या व्याख्या पाठ म्हणतं. ज्या घरात मोठ्यांना वाचता येत नाही तिथे वाचणारा तोच. त्याने त्रिकोण वाचायला शिकायला किती तासिका लागतात? एक. ‘परिसराविषयी जाणीव बाळगतो’ या नोंदीला तेव्हा अर्थ आला असता.

या सगळ्यासाठी वेळापत्रकात एक विषयच आहे, कार्यानुभव. त्याचं मूळ आपल्यापासून लांब नाही, यवतमाळ ओलांडलं की वर्धा. १९३७ च्या ऑक्टोबरात, २२ आणि २३ तारखेला, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली. झाकीर हुसेन समितीने जो आराखडा दिला त्यात रोजचे साडेपाच तास होते आणि त्यातले तीन तास वीस मिनिटं एका हस्तोद्योगाला. मातृभाषेला चाळीस मिनिटं. समाजशास्त्र आणि विज्ञान मिळून अर्धा तास. हस्तोद्योगात मुख्य कोणता? सूतकताई. कापूस! म्हणजे कापसातून गणित, भूगोल, विज्ञान शिकवायची कल्पना याच मातीत, याच पिकावर मांडली गेली होती. पुढे टकळीची तासिका झाली, कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभव हा शब्द दिला, मग समाजोपयोगी उत्पादक कार्य आलं. आज वर्गात त्याचा अर्थ कागदाची फुलं, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर आणि जुन्या बांगड्यांचं तोरण. गुण मात्र भरभरून.

आता नव्या धोरणाने, २०२० च्या, सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे मुलांनी जायचं. शहरातल्या मुलांसाठी उत्तम. आपल्या मुलांना हातांनी काम करायला शिकवायची गरज नाही. ती हातं आधीच फुटलेली आहेत, बोंडाच्या टोकांनी.

इथे एक आक्षेप येतो आणि तो आम्ही फार गंभीरपणे घेतो. एका पालकाने आम्हाला तोंडावर विचारलं होतं, “गुरुजी, पोराले शाळेत घातलं ते कापसातून बाहेर निंघाले. तुम्ही शाळेतही कापूसच आनता?” नई तालीमवरही तेव्हा असंच बोललं गेलं होतं की गरिबाच्या मुलाला हातकामात अडकवून ठेवण्याची ही युक्ती आहे. आक्षेपात तथ्य आहे. ज्यांच्या बापजाद्यांना जातीने काम नेमून दिलं, त्यांना शाळेने पुन्हा तेच काम दाखवू नये. म्हणून आमचं म्हणणं नीट ऐका: वेचणी शिकवायची नाही. वेचणीच्या काट्यावर किती वजन झालं, किती रुपये ठरले होते, किती हाती आले, हे वहीत लिहायला शिकवायचं. असा हिशेब लिहिणारी मुलगी कापसातून बाहेर पडण्याच्या जास्त जवळ असते, काड्यांचं घर करणारीपेक्षा.

भाषेचंही असंच. आपल्या तांड्यांवरच्या मुलांची घरची भाषा गोरमाटी, बाकीच्यांची वऱ्हाडी. पोळ्याला हीच मुलं तोरणाखाली उभी राहून एकापाठोपाठ एक झडत्या म्हणतात, जुन्या पाठ आणि जागच्या जागी रचलेल्याही, यमक चुकत नाही. जूनपासून ‘कवितेचे रसग्रहण करता येत नाही’ अशी नोंद असलेला पोरगा गावासमोर कविता करतो. आणि मराठीच्या सुधारणा आवश्यक रकान्यात आम्ही लिहितो, ‘बोलताना बोलीभाषेतील शब्द वापरतो.’ हे लिहिणारे आम्ही घरी गेल्यावर ‘काहून’ आणि ‘पाह्यजे’च म्हणायचो.

घाई का म्हणता, सांगतो. गावातली शाळा बहुतेक ठिकाणी सातवीला संपते. कायद्याने आठवी उच्च प्राथमिकमध्ये घातली, इमारतीने घातली नाही. आठवीला आर्णीला यायचं. मुलींना एस.टी.चा पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना आहे, तिने फार मुली शाळेत टिकवल्या, हे मोकळेपणाने सांगितलं पाहिजे. पण संध्याकाळची गाडी चुकली की घरी बोलणं सुरू होतं. आठवीला अंतिम परीक्षेत आता नापासही करता येतं. म्हणजे काही मुलींसाठी सहावी-सातवी हीच शाळेची शेवटची बिनघोर वर्षं. त्या दोन वर्षांत द.सा.द.शे. आणि ‘शेकड्याला’ यांची गाठ पडली तर पडली.

आमची मागणी मोठी नाही, जीआर नको, निधी नको. तीन रकाने आहेत तेच राहू द्या. वर्षातून एकदा, प्रत्येक मुलाबद्दल एकच वाक्य असं लिहा की ज्यात एक नाम असेल आणि जे शेजारच्या मुलाच्या पत्रकावर चालणार नाही. ‘डोमकळी ओळखते.’ ‘वेचणीच्या हिशेबातली चूक काट्यावरच पकडतो.’ ‘झडत्या रचतो.’ चाळीस मुलं, चाळीस वाक्यं. आम्ही बसून करून पाहिलं, जुन्या मुलांची नावं आठवून. चाळिसांपैकी अकरांबद्दल लिहिता आलं. उरलेल्या एकोणतीस जणांना आम्ही वर्षभर समोर बसवून शिकवलं होतं.

वेळ झाली म्हणून खूण होते आहे. प्रश्न घेऊ. मागे त्या ताईंनी मघापासून हात वर केला आहे, आधी त्या बोलतील.